मिसिसिपी स्टेटचं २०२१ चं जेतेपद: टीमचा सत्कार झाला, पण कोचचं काय?

३० जून २०२१, ओमाहा, नेब्रास्का. मिसिसिपी स्टेट ९, व्हँडरबिल्ट ०. कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या फायनलची तिसरी आणि शेवटची मॅच. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचं सगळ्यात मोठं बक्षीस हेच, ६४ टीम सुरू करतात, आठ टीम ओमाहाला पोचतात, आणि शेवटी दोन टीममध्ये बेस्ट ऑफ थ्री होते. त्या रात्री मिसिसिपी स्टेटनं नुसती फायनल जिंकली नाही, तर त्या युनिव्हर्सिटीच्या इतिहासात कुठल्याही सांघिक खेळातलं पहिलं राष्ट्रीय जेतेपद मिळवलं. फुटबॉल नाही, बास्केटबॉल नाही, कशातच आधी मिळालेलं नव्हतं. बायकांची बास्केटबॉल टीम २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं फायनलला जाऊन हरली होती, त्यामुळे "आपल्या नशिबातच नाही" असं म्हणणारी माणसं तिथे कमी नव्हती.

कोच होते क्रिस लेमोनिस. चार वर्षांनी, २८ एप्रिल २०२५ ला, ऐन सीझनमध्ये याच लेमोनिसना युनिव्हर्सिटीनं काढून टाकलं.

मला हे प्रकरण मांडायचंय ते एवढ्यासाठी की टीमचा आणि कोचचा सत्कार आपण एका दमात करतो, एका ठरावात, एका स्टेजवर, एकाच फोटोत, पण दोघांना मिळणारी गोष्ट एक नसते. खेळाडूला मान मिळतो आणि तो कायमचा त्याचा होतो. कोचला त्याच मानाच्या नावाखाली बऱ्याचदा नवा करार मिळतो, आणि करार म्हणजे मान नव्हे, तो पुढच्या सीझनवर लावलेला पैसा असतो. हा घोळ मिसिसिपी स्टेटमध्ये जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आधी गाव समजून घ्या. स्टार्कव्हिल हे मिसिसिपीच्या पूर्व भागातलं कॉलेजचं छोटं गाव, आणि तिथे बेसबॉल हा साईड खेळ नाही. डूडी नोबल फील्ड नावाचं त्यांचं मैदान आहे, त्याच्या लेफ्ट फील्डच्या कुंपणापलीकडे १९६० च्या दशकापासून लोक आपापले ट्रक, ट्रेलर लावून, शेगड्या पेटवून मॅच बघत आलेत, त्याला लेफ्ट फील्ड लाउंज म्हणतात. मांस भाजल्याचा धूर मैदानावर येतो, आऊटफिल्डरला मागून लोक नावानं हाका मारतात, आणि हे सगळं पिढ्यानपिढ्या, आजोबांची जागा नातवाकडे अशा थाटात. नंतर स्टेडियम नव्यानं बांधलं तरी लाउंज काढून टाकायची कुणाची हिंमत झाली नाही, उलट त्याच्यासाठी पक्की जागा करून दिली. २०१४ मध्ये ओल मिसविरुद्धच्या (म्हणजे त्याच राज्यातली दुसरी, युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी) एका मॅचला १५,५८६ लोक होते, कॉलेज कॅम्पसवरच्या बेसबॉल मॅचसाठी तो त्या वेळचा विक्रम, आणि नंतर तोही त्यांनीच मोडला.

एवढं प्रेम आणि ट्रॉफी मात्र एकही नाही. २०२१ ही त्यांची ओमाहाची बारावी वारी. पहिली १९७१ ची. १९८५ च्या टीममध्ये विल क्लार्क आणि राफाएल पाल्मेरो एकत्र होते, त्या जोडीला 'थंडर अँड लाइटनिंग' म्हणायचे, दोघं पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, मोठी नावं झाली, तरी ती टीमही जिंकली नाही. २०१३ ला फायनलपर्यंत गेले, यूसीएलएकडून हरले. हे सगळं ज्या माणसानं उभं केलं ते रॉन पोल्क, १९७६ ते १९९७ आणि परत २००२ ते २००८ असे दोन टप्प्यांत तिथे कोच होते, बारापैकी सहा वाऱ्या एकट्या त्यांच्या काळातल्या, आणि जेतेपद शून्य. तरीही डूडी नोबलवरच्या स्टेडियमला नाव त्यांचं आहे, १९९८ पासून, पोल्क-डीमेंट स्टेडियम. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लेमोनिस आले तेही एका विचित्र वळणावर. २०१८ च्या सीझनच्या तीन मॅच झाल्या आणि तेव्हाचे कोच अँडी कॅनिझारो यांनी राजीनामा दिला, मग असिस्टंट गॅरी हेंडरसन यांना तात्पुरतं नेमलं आणि त्यांनी तीच विस्कटलेली टीम थेट ओमाहाला नेली. लोकांनी डोक्यावर घेतलं. पण कायमची नोकरी हेंडरसनना मिळाली नाही, ती मिळाली इंडियानाहून आलेल्या लेमोनिसना. म्हणजे या खुर्चीवर कौतुक आणि नोकरी यांचा संबंध लागेलच असं नाही हे २०१८ मध्येच दिसलं होतं. लेमोनिसनी पहिल्याच वर्षी, २०१९ ला, टीम ओमाहाला नेली. २०२० चा सीझन कोविडमुळे १६ मॅचनंतर बंद पडला.

आता २०२१ ची टीम. या टीमच्या मुळाशी एक निर्णय आहे जो ट्रॉफीच्या फोटोत दिसत नाही. २०२० चा मेजर लीग ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम, कोविडमुळे फक्त पाच राऊंडचा झाला, कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएनं खेळाडूंना एक वर्ष वाढवून दिलं, आणि टॅनर ॲलन आणि राउडी जॉर्डन हे दोन सीनियर आऊटफिल्डर कॉलेजला परत आले. ॲलन त्या वर्षी एसईसी कॉन्फरन्सचा (मिसिसिपी स्टेट ज्या युनिव्हर्सिट्यांच्या गटात खेळते तो) प्लेअर ऑफ द इयर झाला. म्हणजे महामारीत अर्धवट राहिलेलं वर्ष भरून काढायला परत आलेली पोरं, आणि सभोवती त्यांच्याहून लहान पोरं.

सगळं सरळ चाललं होतं असंही नाही. मे महिन्यात एसईसी टूर्नामेंटमध्ये दोन मॅच खेळले, दोन्ही इतक्या वाईट हरले की रन-रूल लावून मॅच लवकर संपवाव्या लागल्या. तिथून महिनाभरात चॅम्पियन. मधे काय बदललं याचं एकच एक कारण सांगता येणार नाही, पण घरच्या मैदानावर रीजनल आणि मग नोत्र दामविरुद्ध सुपर रीजनल, म्हणजे ओमाहाच्या आधीचे दोन टप्पे, खेळायला मिळाले हे फार महत्त्वाचं होतं, सुपर रीजनलच्या तीन मॅचना मिळून चाळीस हजारांवर माणूस आला. कोविडनंतर पहिल्यांदाच एवढी गर्दी बघणाऱ्या पोरांना त्यातनं काय मिळालं असेल ते शब्दात सांगणं अवघड आहे.

ओमाहात पहिली मॅच टेक्ससविरुद्ध, २-१. पिचर (बॉल टाकणारा) विल बेडनारनं सहा इनिंगमध्ये १५ बॅटर स्ट्राइकआऊट केले, मग लँडन सिम्सनं तीन इनिंगमध्ये सहा. नऊ इनिंगचे आऊट असतात सत्तावीस, त्यातले एकवीस स्ट्राइकआऊट. बॅटर आला, हवेत बॅट फिरवून गेला, पुढचा आला. दुसरी व्हर्जिनियाविरुद्ध, चार रन मागे होते, आठव्या इनिंगमध्ये ॲलनचा तीन रनचा होमरन आणि मॅच ६-५. व्हर्जिनियाचे कोच ब्रायन ओकॉनर. हे नाव पण लक्षात ठेवा.

मग टेक्ससनं एकदा हरवलं, आणि परत टेक्ससशीच निर्णायक मॅच. ३-३, नववी इनिंग, बेसवर ब्रेलंड स्किनर, जो बॅटिंगला नाही तर दुसऱ्याच्या जागी पळायला म्हणून आला होता, आणि बॅटवर टॅनर लेगेट, जो सुरुवातीच्या नऊ जणांत नव्हता. लेगेटनं सिंगल मारला, स्किनर होम प्लेटला पोचला, ४-३, फायनल. मला या सगळ्या टूर्नामेंटमधला सगळ्यात आवडता क्षण हाच, कारण ज्यांची नावं कुणी जर्सीवर छापून घेत नाही अशा दोन पोरांनी टीम फायनलला नेली. सत्काराचे ठराव लिहिणाऱ्यांनी बेडनार आणि ॲलनच्या आधी ही दोन नावं लिहावीत असं मला मनापासून वाटतं.

फायनलला समोर व्हँडरबिल्ट. ती टीम तिथे कशी आली हेही त्या वर्षाचंच उदाहरण, नॉर्थ कॅरोलायना स्टेटला कोविडमुळे स्पर्धेतून बाहेर काढलं आणि व्हँडरबिल्ट निर्णायक मॅच न खेळता फायनलला गेली. पहिली मॅच मिसिसिपी स्टेट ८-२ नं हरली, त्यात पहिल्याच इनिंगमध्ये सात रन दिले. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टन हार्डिंगनं सुरुवात केली, प्रेस्टन जॉन्सननं उरलेली मॅच काढली, १३-२. आणि तिसऱ्या दिवशी व्हँडरबिल्टकडून बॉल हातात घेतला कुमार रॉकरनं. आपल्या वाचकांना नाव ओळखीचं वाटेल, त्याची आई भारतीय वंशाची, आणि त्या काळात कॉलेज बेसबॉलमधलं ते सगळ्यात मोठं नाव होतं, त्यानंच २०१९ मध्ये नो-हिटर, म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट न देता अख्खी मॅच, टाकला होता. त्या रात्री मात्र तो पाचवी इनिंग पूर्ण करू शकला नाही. दुसरीकडे बेडनार, फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर, सहा इनिंग एकही हिट न देता टाकून गेला. सातव्या इनिंगमध्ये लोगन टॅनर आणि केलम क्लार्कचे होमरन. शेवटी सिम्स. अख्ख्या मॅचमध्ये व्हँडरबिल्टला एक हिट. स्टेडियममध्ये चोवीस हजारांवर लोक आणि नजर जाईल तिथे मिसिसिपी स्टेटचा मरून, म्हणजे गडद तांबडा, रंग, ओमाहा स्टार्कव्हिलपासून हजार-बाराशे किलोमीटर लांब असूनही. बेडनारला सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं.

दोन दिवसांनी, २ जुलैला, स्टार्कव्हिलमध्ये मिरवणूक निघाली आणि मग डूडी नोबलवर सोहळा झाला. गाव छोटं, माणसं हजारोंनी, हातात काऊबेल. काऊबेल म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा, ही त्यांची जुनी खूण, इतकी कर्कश की एसईसीनं १९७४ मध्ये मॅचला वाजवायला बंदी घातली होती आणि २०१० मध्ये अटी घालून परत सोडली. मिरवणुकीत कसल्या अटी.

यानंतर येतो कागदावरचा सत्कार. अमेरिकेत अशा जेतेपदानंतर संसदेत आणि राज्याच्या विधिमंडळात अभिनंदनाचा ठराव मांडायची पद्धत आहे. हा कायदा नसतो, त्याला निधी नसतो, संसदेच्या एका सभागृहाचा असा ठराव राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जातही नाही, आणि बहुतेक वेळा विरोध न होता मंजूर होतो. मजकुराचा साचा ठरलेला: ज्याअर्थी अमुक तारखेला अमुक स्कोअरनं जिंकले, ज्याअर्थी सीझनचा रेकॉर्ड अमुक, ज्याअर्थी सर्वोत्तम खेळाडू तमुक, ज्याअर्थी मुख्य कोच यांच्या नेतृत्वाखाली, त्याअर्थी हे सभागृह अभिनंदन करतं आणि प्रत युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांना व कोचना पाठवावी असं ठरवतं. आपल्याकडची शाल-श्रीफळ आणि मानपत्र, तसंच हे. काही लोक याला वेळेचा अपव्यय म्हणतात, मला ते पटत नाही. लेगेटचं नाव, स्किनरचं नाव, राज्याच्या अधिकृत दप्तरात कायमचं राहू शकतं ते फक्त याच कागदामुळे, आणि म्हणूनच हे ठराव साचा सोडून नीट, मॅच बघून लिहावेत. कोचबद्दल तर नेहमी एकच वाक्य असतं, "यांच्या नेतृत्वाखाली". त्या माणसानं नक्की काय केलं? पहिली फायनल ८-२ नं हरल्यावर, पोरांचे खांदे पडलेले असताना, दुसऱ्या दिवशी कोणाला बॉल द्यायचा हे ठरवलं. बेडनारला तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं, हार्डिंग आणि जॉन्सनवर अख्खी दुसरी मॅच टाकली, ती मॅच हरली असती तर बेडनार हातात राहून सीझन संपला असता. हे ठरावात लिहायला पाहिजे.

कोचला युनिव्हर्सिटीकडून मिळाला तो नवा करार आणि पगारवाढ. मिसिसिपीत सरकारी युनिव्हर्सिटीला चार वर्षांपेक्षा मोठा करार करता येत नाही, तसा कायदाच आहे, त्यामुळे चार वर्षांचा. सगळ्यांना वाटलं हाच सन्मान.

आणि मग २०२२. बेडनारला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी ड्राफ्टच्या पहिल्या राऊंडमध्ये चौदावा उचलला होता, ॲलन गेला, जॉर्डन गेला, राहिला होता सिम्स, त्याच्या कोपराचा लिगामेंट मार्चमध्येच फाटला आणि त्याचा सीझन संपला. टीम २६-३०, म्हणजे २६ मॅच जिंकल्या, ३० हरल्या. एसईसी टूर्नामेंटलासुद्धा पात्र नाही. त्याच जूनमध्ये, जखमेवर मीठ म्हणा, त्याच राज्यातल्या कट्टर वैरी ओल मिसनं ओमाहा जिंकलं. २०२३, २७-२६, परत बाहेर, सीझन चालू असतानाच पिचिंग कोच बदलला. २०२४ ला सावरले, ४० मॅच जिंकल्या, एनसीएए रीजनलला गेले आणि तिथे बाहेर काढलं ओकॉनरच्या व्हर्जिनियानं. २०२५ च्या एप्रिलअखेर २५-१९, कॉन्फरन्समध्ये ७-१४. ज्या ॲथलेटिक डायरेक्टरनी (युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाचे प्रमुख) लेमोनिसना आणलं होतं ते जॉन कोहेन २०२२ मध्येच ऑबर्न युनिव्हर्सिटीला गेले होते, नवे डायरेक्टर झॅक सेल्मन, त्यांनी निर्णय घेतला. असिस्टंट जस्टिन पार्कर यांच्याकडे टीम दिली, ती टीम पुढे एनसीएए टूर्नामेंटमध्ये गेलीही. आणि जूनमध्ये नवे कोच म्हणून कोण आलं तर ब्रायन ओकॉनर, २०१५ ला व्हर्जिनियाला जेतेपद मिळवून देणारे.

आता निर्णय चुकला का? माझं मत सांगतो. कोच बदलणं चूक नव्हतं. चार सीझनमध्ये दोनदा कॉन्फरन्स टूर्नामेंटलाही न जाणं, ते पण अशा गावात जिथे लोक बेसबॉलवर जीव टाकतात, हे कुठलीही युनिव्हर्सिटी फार काळ चालवून घेणार नाही, आणि ओकॉनरसारखा माणूस मिळत असेल तर घेणारच. पण सीझनचे तीन आठवडे उरलेले असताना उचलबांगडी, ही गोष्ट मला अजूनही पटत नाही. टीम स्पर्धेत होती, हे पुढे सिद्धच झालं. पहिली ट्रॉफी आणून देणाऱ्या माणसाला घरच्या मैदानावर शेवटची मॅच, टोपी काढून लोकांना निरोप, एवढं देता आलं असतं आणि त्यानं नव्या कोचच्या निवडीचं काही बिघडलं नसतं.

इथे ओल मिसकडे बघायला पाहिजे, कारण परिस्थिती जवळजवळ जुळी आहे. माइक बियांको तिथे २००१ पासून कोच. २०२२ च्या वसंतात लोक त्यांना घालवा म्हणत होते, टीम ६४ मध्ये सगळ्यात शेवटी घेतली गेली, आणि तीच जिंकली. पुढच्याच वर्षी २५-२९, कॉन्फरन्समध्ये ६-२४, म्हणजे लेमोनिसच्या पडझडीपेक्षाही वाईट. पण त्यांना ठेवलं, आणि २०२५ ला टीमनं घरच्या मैदानावर रीजनल खेळली. फरक काय? बियांकोंकडे ट्रॉफीच्या आधी वीसेक वर्षांची शिल्लक होती. लेमोनिसकडे ट्रॉफी तिसऱ्या वर्षी आली, पाठीमागे काही साठलेलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावरच चार वर्षं काढावी लागली आणि दरवर्षी ती थोडी थोडी खर्च होत गेली.

आणि पोल्क. स्टेडियमवर नाव असलेले, कधीच न जिंकलेले पोल्क. त्यांचा सन्मान कुठल्या एका ट्रॉफीशी बांधलेला नाही, कुठल्या कराराशी तर नाहीच, म्हणून तो टिकला. स्टार्कव्हिलच्या लोकांना सन्मान कसा करायचा हे चांगलं माहीत आहे, त्यांनी ते एकदा करून दाखवलंय. लेमोनिसच्या बाबतीत मात्र सन्मानाचं काम करारावर सोपवलं गेलं, आणि करार संपल्यावर दोन्ही गोष्टी एकदम संपल्यासारखं झालं. खरं तर २०२१ ची ट्रॉफी २०२५ च्या ७-१४ नं लहान होत नाही, १५ स्ट्राइकआऊट पुसले जात नाहीत, आणि कोणाला बॉल द्यायचा हा निर्णयही पुसला जात नाही. नोकरीचा हिशेब नोकरीच्या वहीत ठेवा, पण मान वेगळा आणि वेळेवर द्या, जिंकलेल्या उन्हाळ्यातच, कोचच्या नावानं काही तरी टिकाऊ करून टाका, भले एखादी स्कॉलरशिप असू दे, जी पुढच्या हरलेल्या सीझनला परत घेता येत नाही.

अशा चॅम्पियन टीमला पाच वर्षांनी, दहा वर्षांनी परत बोलावतात, पोरं लग्न होऊन, लेकरं कडेवर घेऊन येतात, अंगठ्या घालून होम प्लेटपाशी उभी राहतात आणि एकेकाचं नाव पुकारलं जातं. २०२१ च्या टीमला ज्या ज्या वेळी असं बोलावतील त्या त्या वेळी आमंत्रण क्रिस लेमोनिसना गेलं पाहिजे, जुनी बाब म्हणून नव्हे तर मुख्य कोच म्हणून, आणि ते नव्या कोचनी स्वतः फोन करून दिलं तर उत्तम. ओकॉनर हे करू शकतील असं मला वाटतं, कारण २०२१ ला त्या टीमकडून एका रननं हरलेले ते स्वतः होते, ती टीम काय होती हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.